पाणी कुठून शिरतं

खिडकीखाली बोट टेकवलं तर
भिंत भिजल्या पावासारखी आत गेली.
ऑर्व्हल म्हणाला, खिडकीला बोल लावू नकोस, जुनेटा.
पाणी दिसतं तिथून ते कधीच आलेलं नसतं.
वर बघ.
पेपर मिलमध्ये तीस वर्षं पाइपांची उस्तवार केलेला माणूस,
बोलतो तेवढंच.

तर मी वर. एकसष्टाव्या वर्षी, शिडीने,
गुडघ्यांना न विचारता.
छपराच्या रबरावर एक चीर,
करंगळीच्या नखाएवढी.
तेवढ्यातून बावीस हिवाळे आत उतरले होते,
ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरचे, एकही कोरडा नाही,
आणि लाकडाचा त्यांनी चहाचा चोथा करून ठेवला होता.

भाडं वाढल्याची चिठ्ठी आली त्या महिन्यात
मी ही एकोणतीस फुटी गाडी घेतली.
शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाया म्हणाल्या,
मजा आहे बाई, फिरायला निघालीस!
मी कुठेही निघालेले नाही.
मी राहायला आलेय.
सुट्टीसाठी बांधलेल्या डब्यात
मला मंगळवार बसवायचेत,
दाढदुखी, टॅक्सचे कागद,
अख्खा फेब्रुवारी.

म्हणून दारापाशची मऊ फरशी उचलली.
खाली उंदरांचं जुनं बाळंतघर:
गुलाबी कापूस, कुरतडलेल्या वायरी,
रस्त्यांच्या नकाशातला आयडाहोचा तुकडा.
दोन बॅटऱ्या काढल्या, एक हलकी महागडी घातली.
सोफा उपटून टेबल केलं.
मग ट्रकवाल्यांच्या काट्यावर गाडी उभी केली, तर
मागचा आक्सा म्हणाला, पुरे.
टीव्ही दिला. शिवणयंत्र दिलं, नाक न ओढता.
आईचा बिडाचा तवा आठ पौंडांचा,
तो मांडीवर घेऊन बसले,
जणू मांडीवरचं वजन
काट्याला कळत नाही.

भिंत उघडली रविवारी.
आतल्या एका खांबावर पेन्सिलीची अक्षरं:
अमॉन. शुक्रवार. आजची शेवटची.
खाली एक माप, खोडलेलं,
खाली दुसरं माप, पाव इंचाने कमी.

ऑर्व्हलने चष्मा कपाळावर सरकवला.
इंडियानात बनलीय ही, म्हणाला.
तिथल्या कारखान्यांत बरेच अमिश लोक,
मोटार न बाळगणारे.
दिवसभर चाकांवरची घरं ठोकतात
आणि संध्याकाळी सायकलीने, घोडागाडीने
आपापल्या न हलणाऱ्या घरी जातात.

मी त्या शुक्रवाराचा वास घेतला.
कुजका होता.
खांब खालून 'शेवटची'पर्यंत गेलेला,
बोटाने भुगा होत होता.
कुजलेलं ठेवायचं नसतं, कुणाच्याही हातचं असो.
करवत धरली. नाव वर राहिलं, शब्द खाली पडले,
आणि ऑर्व्हलने ते झाडूने भरून नेले,
बाकीच्या भुशासारखेच.

शेजारी नवं लाकूड जोडलं.
दोनदा मोजलं, एकदा कापलं,
तरी पाव इंच आखूड.
शिवी आली तोंडात, ती मी गिळली नाही.
पुन्हा कापलं. नव्या खांबावर पेन्सिलीने
आधी चुकलेलं माप लिहिलं, मग बरोबर.
सही केली नाही.
ते दोन आकडेच पुरेसे होते ओळखीला.

चीर चिकटवली. वरून पट्टी, पट्टीवर लेप,
लेप लावताना केसांत गेला तो
अजून तिथेच आहे.

रात्री पाऊस लागला. इथे तो येत नाही, लागतो.
अंधारात पडल्या पडल्या भिंतीवर तळवा ठेवला.
कोरडी.
तीन वाजता पुन्हा. कोरडी.
डोक्याकडची. कोरडी. पायाकडची.
आणि तेवढ्यात कुठेतरी
टप्.

उठले, टॉर्च घेतला, छप्पर, कोपरे, कपाटाच्या मागे,
उघड्या पायांनी अख्खं घर पालथं घातलं:
सोळा पावलं.

टप्.

बेसिनचा नळ होता.
नळाचं उद्या बघू.